बारावीनंतर पदवी, आयटीआय की थेट काम? घरात बसून करायचा हिशेब

निकाल लागला की घराघरात चर्चा सुरू होते ती कुठल्या कॉलेजला, कुठल्या शाखेला, किती टक्क्यांना याची. मुळात कॉलेजला जायचं का, हे फारसं कुणी विचारत नाही. "आधी पदवी तर होऊ दे, मग बघू," असं म्हणून तीन-चार वर्षांचा निर्णय दोन मिनिटांत उरकला जातो. पोरगं बी.ए. किंवा बी.कॉम. होतं आणि "मग बघू" तिथून सुरू होतं, तेही एकविसाव्या वर्षी.

माझं मत आधीच सांगतो. पदवी कशासाठी हवी आहे हे मुलाला किंवा मुलीला एका वाक्यात सांगता येत असेल, तर ती जरूर घ्यावी, कर्ज काढावं लागलं तरी. तसं सांगता येत नसेल, तर हाताला काम देणारं शिक्षण आधी घ्यावं आणि पदवी मागाहून. महाराष्ट्रात ही मागाहूनची वाट खरोखर उघडी आहे, पण बहुतेक घरांत ती कुणी सांगितलेलीच नसते.

एका आकड्याबद्दल आधी बोलायला हवं, कारण तो हल्ली फार फिरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. यावरून "शिकून काय उपयोग" असा निष्कर्ष काढणं चूक आहे. ज्याच्या घरी आज कमावलं तरच आज चूल पेटते, त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते काम करतो आणि आकडेवारीत रोजगारात मोजला जातो. पदवीधर मनासारख्या नोकरीची वाट पाहत थांबतो. तरीही दर दहा पदवीधर तरुणांमागे जवळपास तीन जण थांबलेले आहेत, ही गोष्ट गंभीर आहेच. आपला मुलगा त्या तिघांत जाणार नाही याची तयारी प्रवेशाआधी करायची असते.

पहिलं काम: कुठलं दार कुठल्या किल्लीने उघडतं ते लिहून काढा

एक कागद घ्या. मुलाच्या डोक्यात असलेली चार-पाच कामं लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा, यासाठी कायद्याने किंवा भरतीच्या नियमाने पदवी लागते का?

काही ठिकाणी वाद नाही. डॉक्टर, वकील, माध्यमिक शिक्षक, आर्किटेक्ट व्हायचं तर त्या-त्या पदवीला पर्याय नाही. एमपीएससीची राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, बँकेतला क्लार्क यांना कुठल्याही शाखेची का होईना, पदवी लागते.

पण यादीचा दुसरा भाग वाचून पालक चकित होतात. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियन या पदांना दहावी आणि संबंधित ट्रेडचा आयटीआय चालतो. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेली मुलं घेतात. मेडिकल स्टोअर चालवायला दोन वर्षांचा डी.फार्म. पुरेसा आहे. दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहायला तीन वर्षांचा जीएनएम चालतो, त्याला बारावी सायन्सच हवं असंही नाही, आणि पुढे पोस्ट बेसिक करून बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घेता येते. सीए व्हायला कॉलेजची पदवी लागत नाही: बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम) आणि फायनल. परीक्षा अवघड आहे, गळती मोठी आहे आणि बहुतेक मुलं सोबत बी.कॉम. करतात. पण सीएची किल्ली त्या परीक्षा आहेत, बी.कॉम. नाही.

कागदावर "नोकरी" एवढंच लिहिलं गेलं असेल तर थांबा. नोकरी हे एक काम नव्हे. जवळच्या एमआयडीसीत, तालुक्याच्या दवाखान्यात, एखाद्या करसल्लागाराच्या ऑफिसात मुलाला चार दिवस नुसतं बसवून आणा. दिवसभर माणसं तिथे नेमकं काय करतात हे पाहिल्याशिवाय अठरा वर्षांच्या मुलाने निवड करावी, अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरं काम: बाहेर पडलेल्यांना गाठा

कॉलेजचं माहितीपत्रक आत येणाऱ्यांसाठी छापलेलं असतं. तुम्हाला हवी आहे ती तिथून बाहेर पडलेल्यांची खबर. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच कॉलेजातून, त्याच शाखेतून गेलेली निदान पाच मुलं शोधा. गावात विचारा, सोसायटीत विचारा, लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून पाहा. ही मुलं कॉलेजने दिलेली नसावीत, तुम्ही शोधलेली असावीत. कॉलेज आपली निवडक मुलंच पुढे करणार.

प्रश्न साधे ठेवा. आता काय करतोस? हे काम या शिक्षणामुळे मिळालं का? पहिला पगार हातात किती आला? तुझ्या वर्गातले बाकीचे कुठे आहेत? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. स्वतःबद्दल माणूस हातचं राखून बोलतो, वर्गाबद्दल मोकळेपणाने सांगतो.

"आमच्याकडे १२ लाखांचं पॅकेज" असा फलक दिसला तर विचारा, ते किती मुलांना? साठ मुलांच्या वर्गात गुणवत्तेप्रमाणे नव्हे, पगाराप्रमाणे रांग लावली तर तिसाव्या मुलाला काय मिळालं? हा मधला आकडा सांगायला कॉलेज तयार नसेल, तर ते उत्तरही वहीत लिहून ठेवा. आयटीआय आणि पॉलिटेक्निकलाही हेच प्रश्न विचारायचे. चारशेहून अधिक शासकीय आयटीआय राज्यात आहेत आणि त्यांच्यातही फरक आहे. कुठे यंत्रं चालू असतात आणि निदेशक जागेवर असतो, कुठे मुलं दोन वर्षं वही भरतात. वर्कशॉप सुरू असताना जाऊन बघा. लेथवर मुलांचे हात काळे झालेले दिसले पाहिजेत.

तिसरं काम: पैसे आणि वर्षं, दोन्हींचा हिशेब

फी किती एवढ्यावर बहुतेक घरं थांबतात. खोली, मेस, प्रवास, लॅपटॉप, परीक्षा शुल्क हे धरलं जात नाही, आणि मुलगा त्या काळात जे कमावणार नाही ते तर अजिबातच नाही. साध्या बी.ए.ला फी नगण्य असते म्हणून ती स्वस्त वाटते. पण समजा मुलगा महिन्याला १२,००० रुपये कमावू शकला असता, तर तीन वर्षांचे ४,३२,००० रुपये त्या पदवीवर खर्च झाले. ते वाया गेले असं मी म्हणत नाही. पदवीने दार उघडणार असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. पण वहीत हा आकडा लिहिलेला हवा.

आता कर्ज. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी १.५ लाख, असं ६ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं आणि व्याजदर १० टक्के धरला. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. सरळव्याजाने मोजलं तरी पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचं ७५,०००, मग ६०,०००, ४५,००० आणि ३०,०००. एकूण २,१०,००० रुपये. म्हणजे हप्ते सुरू होताना देणं ८.१ लाखांचं. ते सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १३,४५० रुपये. मघाशी त्या तिसाव्या मुलाचा पगार विचारायला सांगितला तो यासाठी. तो २०,००० असेल आणि नोकरी पुण्यात असेल, तर खोलीभाडं आणि हप्ता भरून हातात काय उरतं ते कागदावर मांडा. पगार ४०,००० असेल तर हेच कर्ज अजिबात भीतिदायक नाही. शिकत असतानाच दरमहा व्याजापुरती रक्कम भरता आली तर भरा, ओझं बरंच हलकं होतं.

कर्जाआधी सवलती तपासा. राज्यात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. मात्र प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत गेली, आणि अभिमत व खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. दरवर्षी कितीतरी घरं "सीट मिळत्येय तर घेऊन टाकू" म्हणून कोट्यात शिरतात आणि हक्काची माफी गमावतात. कॉलेजची अधिकृत फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि जाहीर करतं. खिडकीवर त्याहून जास्त मागितली तर लेखी मागा.

चौथं काम: दुसऱ्या वाटा नीट समजून घ्या

आयटीआय म्हटलं की "नापास मुलांची जागा" हा समज अजून जात नाही. त्याचं सगळ्यांत मोठं नुकसान हाताने काम करायला आवडणाऱ्या हुशार मुलांचं होतं. म्हणून हे थोडं विस्ताराने सांगतो.

वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर हे एक वर्षाचे ट्रेड. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन, रेफ्रिजरेशन-एसी हे दोन वर्षांचे. प्रवेश दहावीच्या गुणांवर, राज्यभर ऑनलाइन. शासकीय संस्थेची फी वर्षाला काही हजारांत बसते. आता ही गणती बघा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे डिप्लोमा आणखी दोन वर्षांत. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे पदवी आणखी तीन वर्षांत. त्या प्रवेशाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे गुण धरतात. दहावीपासून एकूण सात वर्षं. अकरावी-बारावी करून इंजिनिअर होणाऱ्याला सहा लागतात. एक वर्ष जास्त, पण वाटेत दोन अशी ठिकाणं, जिथे घरची परिस्थिती बिघडली तर प्रमाणपत्र हातात घेऊन कामाला लागता येतं. बारावी सायन्सनंतर मध्येच पैसे संपले तर हातात फक्त बारावी असते. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग तीन वर्षं पदवी, ही वाट तर बरोबर सहाच वर्षांची आहे.

या वाटेचा अवघड भाग गणित. आयटीआयमधून डिप्लोमाला आलेली आणि डिप्लोमातून डिग्रीला आलेली मुलं नेमकी तिथेच अडतात, एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरची, धास्ती उगाच नाही. पुढे शिकायचा विचार असेल तर आयटीआयची दोन वर्षं रोज तासभर गणित सोडू नका, बारावीचं पुस्तक हाताशी ठेवा.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप, चुकवू नये. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असं किमान विद्यावेतन ठरवलं. रेल्वे, एसटी, महावितरण आणि मोठे खासगी कारखाने जागा जाहीर करतात. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

इथे सावध राहायची जागा आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, सातपूर, कुठेही जा, ठेकेदाराकडून "ट्रेनी" म्हणून घ्यायचं, सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा, मग दुसऱ्या गेटवर पुन्हा ट्रेनी, हे चक्र मुलांची चार-पाच वर्षं खातं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: माझा करार सरकारी ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला आहे का, त्याचा क्रमांक काय, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार का? तिन्हींना "हो" मिळालं तर ते शिक्षण. नाही मिळालं तर ती स्वस्त मजुरी आहे, हे समजून-उमजून घ्यायची तर घ्या.

इलेक्ट्रिशियन आणि वायरमन झालेल्यांनी विद्युत निरीक्षक यंत्रणेचा तारतंत्री (वायरमन) परवाना काढावा आणि अनुभवानंतर पर्यवेक्षक, ठेकेदार परवान्याकडे जावं. नोकरी करणारा कारागीर आणि स्वतःची कामं घेणारा ठेकेदार यांच्यात हा कागद उभा असतो. अंगमेहनतीचं काम पंचेचाळिशीत गुडघ्यांना जाणवतं, त्यामुळे तिशीतच सुपरवायझर, ठेकेदार किंवा स्वतःचं दुकान यांपैकी कुठे जायचं ते ठरवायला हवं. पदवी नसल्याची अडचण बहुधा इथेच येते, बढतीच्या वेळी.

पाचवं काम: पदवी मागाहून किंवा सोबत घ्यायची सोय करून ठेवा

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून. काम करता करता तिथून घेतलेली पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण मान्यतेच्या यादीत आहे ना, एवढं प्रवेशाच्या वर्षी तपासा. शिफ्ट सांभाळून अभ्यास होत नाही ही तक्रार खरी आहे. ज्या घरात आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या माणसाला कुणी कामाला लावत नाही, तिथेच तो होतो. हे घरच्यांनी आधी कबूल करायचं.

पूर्णवेळ कॉलेजच करायचं आणि पैसे नाहीत, तर कॉलेजात "कमवा आणि शिका" आहे का ते विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीदच "स्वावलंबी शिक्षण" आहे. ही परंपरा आपल्या विद्यापीठांत आजही चालते. त्यात काम करण्यात कमीपणा मानणाऱ्या मुलाला घरातल्या मोठ्यांनीच समजवावं.

स्पर्धा परीक्षेसाठी पदवी घेत असाल तर

बी.ए. करून एमपीएससी, हा बेत मुळात वाईट नाही. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात, हे धरून तो आखायला हवा. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८ आहे, मागास प्रवर्गांना ४३. हीच मुभा अनेकांना घातक ठरते, कारण थांबा असं नियम सांगतच नाही. पुण्यातल्या अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली, घरी तोंड दाखवायला संकोचणारी मुलं बसलेली आहेत. ती आळशी नाहीत, त्यांना थांबायची तारीख कुणी ठरवून दिली नव्हती. ती आताच लिहा: पदवीनंतर अमुक प्रयत्न, अमुक महिना, त्यानंतर ठरलेलं दुसरं काम. ते दुसरं काम पदवीच्या तीन वर्षांतच शिकून घ्यायचं: टॅली आणि जीएसटी, मराठी-इंग्रजी टायपिंगची सरकारी परीक्षा, ड्रायव्हिंग, काहीही ज्याला बाजारात गिऱ्हाईक आहे.

मुलींचा हिशेब वेगळा मांडा

वरची सगळी आकडेमोड मुलींना जशीच्या तशी लावू नका. गावाकडच्या कितीतरी मुलींसाठी कॉलेजची तीन वर्षं म्हणजे लग्नाचा विषय घरात निघत नाही अशी तीन वर्षं असतात. एसटीचा पास, शहराची ओळख, स्वतःचं बँक खातं, ग्रंथालय, मैत्रिणी, हे तिला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या सहज मिळत नाही. त्यामुळे पगाराच्या तक्त्यात तोट्याची दिसणारी बी.ए.सुद्धा तिच्या बाबतीत मी थांबवायला सांगणार नाही.

पण "स्थळ चांगलं मिळावं म्हणून पदवी" एवढ्यावर समाधान मानू नका. जीएनएम, डी.फार्म., डिप्लोमा, आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड), यांपैकी काहीतरी असं असावं की लग्नानंतर दुसऱ्या गावात गेली तरी कामाला लागता येईल. नर्सिंगचं कॉलेज महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते आधी बघा. यादीबाहेरच्या संस्थेतून केलेल्या कोर्सला नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

प्रवेशाच्या आठवड्यात

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच गेला पाहिजे. मूळ कागदपत्रं कॉलेजने ठेवून घेणं नियमात बसत नाही. पाहून परत घ्या. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अभ्यासक्रमांत मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर १,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. त्यामुळे पहिल्या फेरीत घेतलेली सीट म्हणजे आता सुटका नाही, असं समजू नका.

आणि पहिल्या वर्षाचा निकाल लागला की तीच वही पुन्हा उघडा. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी उन्हाळ्यात जास्तीचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते, आणि पुढे परत येता यावं म्हणून श्रेयांक (क्रेडिट) ॲकॅडमिक बँकेत, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. ते खरोखर जमा झालेत का, हे डिजिलॉकरमध्ये मुलाने स्वतः उघडून पाहायचं. दिसत नसतील तर परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.